बादल्या, पत्र्याच्या, कडीसह

बाजारातली ती जागा शेवटी या घराकडेच राहिली. सहा हात लांब, चार हात रुंद, मागे दगडी भिंत, पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजायचं. कारण ज्या सकाळपासून सांगायचं आहे, त्या सकाळी जागा जाणार हे ठरल्यासारखं होतं आणि घरातली तिन्ही माणसं ती गेल्यासारखी तोंडं करून अंगणात बसली होती. त्यांच्या दुःखात आपण उगाच कशाला लुडबुड करायची.

तिघं म्हणजे आबा, आबांचा मुलगा आणि सून. तीन पिढ्या पत्र्याच्या बादल्या करणारं घर. आबांचा डावा अंगठा हातोडीखाली इतक्यांदा आला होता की तो आता अंगठा कमी आणि चमचा जास्त दिसायचा. ठोकून ठोकून डाव्या कानाने राजीनामा दिला होता. उजवा कान मात्र चार घरं पलीकडचं ऐकायचा, विशेषतः न ऐकण्यासारखं. मुलगा उंच, पाठीत वाकलेला, आणि दोन शब्दांत भागत असेल तर एकच बोलणारा.

त्यांच्यासमोर बाजार समितीचा कारकून उभा होता. छत्री उन्हासाठी, वही समितीसाठी, आणि चेहरा कोणासाठीच नाही.

"सलग तीन बाजार नोंदीतला माल विकला गेला नाही तर जागा रिकामी समजण्यात येईल," त्याने वाचलं. "दोन झाले. येत्या बाजाराला तिसरा."

"विहिरी आटल्यात, साहेब," मुलगा म्हणाला.

"विहिरींची नोंद माझ्याकडे नसते."

गोष्ट खरी होती. विहिरीत पाणी असलं तर बादली सोडायची. यंदा विहिरीत बादली सोडली की ती तळावर आपटायची आणि वर येताना एक बेडूक रागाने पाहत बसलेला असायचा. पाणी आता टँकरने यायचं, नळीतून थेट ड्रममध्ये पडायचं. ड्रम निळे, प्लॅस्टिकचे. ते विकणारा प्लॅस्टिकवाला बाजारात यांच्याच शेजारी बसायचा आणि दर बाजाराला त्याचे टब चार बोटं इकडे सरकायचे. टब आपोआप सरकतात असं त्याचं म्हणणं होतं. उन्हाने प्रसरण पावतात म्हणे.

जागा गेली असती तर घर उपाशी पडलं असतं असं नाही. मुलगा गळक्या छपरांना डाग द्यायला गावोगाव जायचा, चूल पेटत होती. सुनेची काळजी वेगळीच होती. आबा आठवड्यातून एक दिवस बाजारात बसायचे. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे. उरलेले सहा दिवस ते घरी असायचे आणि घराला शिकवायचे. चुलीत लाकूड कोणत्या टोकाने घालावं. झाडू कुठून कुठे न्यावा. एकदा त्यांनी मुलाला सांगितलं होतं की तू श्वास उजवीकडून घेतोस, म्हणून तुझा हातोडा डावीकडे जातो. मुलगा दोन दिवस श्वासाकडे लक्ष देत बसला आणि एकही बादली सरळ झाली नाही.

सहा दिवस ती काढत होती, कारण सातवा होता. आदल्या दिवशी भांडी घासताना तिने "सात दिवस" असं एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं आणि हातातलं पातेलं निसटलं.

"पातेलं कडेने धरावं, सूनबाई," आतून आबा म्हणाले.

तर कारकून वही मिटायला लागला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, आमच्या नोंदीत नेमकं काय लिहिलंय ते वाचता का जरा?"

कारकुनाने पान उलटलं. "बादल्या, पत्र्याच्या, कडीसह."

"माप?"

"माप नाही लिहिलेलं."

"बरं," ती म्हणाली आणि कारकुनाला पाणी विचारलं. तो नको म्हणाला. या दिवसांत पाणी नको म्हणणं हीच मोठी भेट असायची, आणि एवढं सौजन्य त्याच्याकडे होतं.

आता तिच्या नादाविषयी. बादली कापली की पत्र्याच्या बारीक चिंधड्या उरायच्या. त्या भंगारात जायच्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या शालीचा आकडा तुटला तेव्हा तिने एका चिंधडीची शेळी कापली, कानस मारून कडा बोथट केल्या, मागे तार झाळून चिकटवली आणि शालीला टोचली. शेळी तिरकी झाली होती आणि तिचं तोंड गावच्या शेळ्यांपेक्षा शहाणं होतं. टँकरच्या रांगेत बायकांनी ती पाहिली. मग कावळा झाला, कुलूप झालं, टँकर झाला. टँकरच्या ड्रायव्हरची पिन म्हणजे नुसत्या मिशा होत्या, पण बघताक्षणी ओळखू यायच्या. ती पिना वाटत सुटली. एक पैसा कोणाकडून घेतला नाही. दुपारी तासभर कात्री घेऊन बसलं की डोकं थंड व्हायचं, आणि पिन झाल्यावर ती कोणाच्या तरी अंगावर पाहिली की परत एकदा थंड व्हायचं. रांगेत उभी असलेली प्रत्येक बाई आता काही ना काही लावून असायची. लांबून रांग लढाईवर निघाल्यासारखी दिसायची.

एवढंच की तार बारीक होती. गावच्या सुईणकाकूंची शेळीची पिन एकदा रांगेत गळून पडली. ती शोधायला चौघी खाली वाकल्या, तेवढ्यात नळी पुढे गेली आणि चौघींचे ड्रम कोरडे राहिले. काकू तक्रार घेऊन घरी आल्या. सून माफी मागायला तोंड उघडते तोच आतून आबा आले. उजव्या कानाने सगळं ऐकलं होतं.

"आपल्या घरातून गेलेली वस्तू गळून पडली?"

"तार जरा..."

"तीन पिढ्यांत आपल्या बादलीचा कडी अडकवायचा कान निघाला नाही. विहिरीत बादली राहिली, दोर तुटला, एकदा ओढणारा माणूस आत गेला. कान निघाला नाही."

त्या दिवसापासून पिनेची मागची बाजू आबांनी हातात घेतली. बादलीचा कान बसवतात तशीच पद्धत. जाड तार कापडातून आरपार, पलीकडे छोटी नळी, आणि सांडशीने एकदाच दाब. तारेचं डोकं नळीत फुगतं आणि बसतं ते बसतं. आबांनी एक पिन गोणपाटाला लावली, तिला खरी बादली टांगली, बादलीत दगड भरले आणि समोर बसून राहिले. गोणपाट फाटला. पिन जागेवर.

"आबा," सून म्हणाली, "ही उघडायची कशी?"

"कशाला?"

"म्हणजे कपडा धुवायचा असला..."

"बादलीचा कान तू संध्याकाळी काढून ठेवतेस का?"

दुसऱ्या दिवशी तिला याची पाच उत्तरं सुचली, पण तोवर आबांनी साठ नळ्या कापून ठेवल्या होत्या.

त्या साठ नळ्यांवर आता साठ बादल्या बसणार होत्या. कारकून गेल्यावर तिने नखाएवढा पत्रा कापला, गोल वळवला आणि नवऱ्यासमोर ठेवला. "अहो, याला बूड बसेल?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "बसेल."

"आणि कडी? हलणारी पाहिजे. नोंदीत कडी आहे."

"हं."

चार दिवस घरात दुसरं काही झालं नाही. सून कापायची. पत्रा उन्हात तापलेला, बोटांची टोकं चिरून चिरून सोललेल्या लसणीसारखी झाली. नवरा ऐरणीच्या टोकावर खिळा उभा करून त्यावर बादली वळवायचा. एवढा उंच माणूस एवढ्याशा कामावर वाकला की त्याचं नाक बादलीच्या आत जातंय असं वाटायचं. पहिल्या दिवशी त्याने अंगठ्यावर अकरा वेळा मारून घेतलं. मोजलं तिने. तो दरवेळी फक्त "हं" म्हणाला, अकराव्या वेळी जरा लांब.

आबांनी गळती तपासायचं काम घेतलं. गवताच्या काडीने प्रत्येक बादलीत दोन थेंब पाणी सोडायचं, सपाट दगडावर ठेवायचं, अर्धा तास नजर हलवायची नाही.

"आबा, शर्टाला लावायची वस्तू आहे. पाणी कोण भरणार?"

"गळणारी बादली या घरातून बाहेर जाणार नाही."

सात गळल्या. त्या त्यांनी ऐरणीवर ठेवून स्वतः चेपल्या, आणि आत जाऊन हात पुसून आले. बाकीच्यांतलं पाणी एकेक थेंब करून हंड्यात परत ओतलं. दोन चमचे भरलं. वाया काही गेलं नाही.

तिसऱ्या बाजाराला घर पहाटेच निघालं. त्रेपन्न बादल्या सुनेच्या एका ओंजळीत मावल्या. आबा मात्र नेहमीसारखे हातगाडी घेऊन आले, बादल्या हातगाडीनेच न्यायच्या असतात म्हणून. रिकाम्या गाडीत मधोमध रुमाल, रुमालात सगळा माल.

प्लॅस्टिकवाल्याचे टब वीतभर आत आले होते. त्याने रुमालाकडे पाहिलं.

"काय आबा, यंदा बियाणं आणलंत? पेरलं की बादल्या उगवतात का?"

"तुझे टब उचल. उन्हाने वाढलेत."

दुपारच्या घंटेपर्यंत एक तरी विक्री वहीत चढायला हवी होती. घरच्या माणसाने विकत घेतलेलं चालत नाही, हेही नियमात होतं. तशी सुनेला काळजी नव्हती. अर्धा गाव तिच्या पिना मिरवत होता, कोणीतरी घेईलच.

पहिल्या आल्या सुईणकाकू. बादली उचलली, कडी हलवून पाहिली, चेहरा खुलला. "अगं बाई, किती गोड. ही मला, या दोन माझ्या सुनांना." आणि तिन्ही मुठीत घेऊन निघाल्या.

सून पुढे सरली. दोन वर्षांत हे वाक्य तिने कधी म्हटलं नव्हतं. "काकू... आज जरा... काहीतरी द्यावं लागेल."

काकू वळल्या. स्वतःच सोडवलेल्या बाळाला पाहायचं तिकीट मागितल्यासारखा चेहरा झाला. "माझ्याकडून?"

"तुमच्याकडून म्हणजे, आज सगळ्यांकडूनच."

काकूंनी तिन्ही बादल्या एकेक करून रुमालावर परत ठेवल्या. फार हळू ठेवल्या, हेच जास्त लागलं. मग त्या बाजारात शिरल्या, आणि त्यांच्या मागोमाग बातमीही शिरली. पुढच्या घटकाभरात बायका येत, बघत, "छान आहेत हं" म्हणत आणि हात पाठीमागे बांधून पुढे जात. ज्या बाईच्या गळ्याशी सुनेनेच दिलेला कावळा होता ती तर कावळा हाताने झाकून गेली, परत मागेल म्हणून.

"फुकट वाटून ठेवलंस," नवरा म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषण होतं.

कारकून आला. छत्री मिटली. "माल?"

"बादल्या," सून म्हणाली.

कारकुनाने एक तळहातावर घेतली. आधी चष्मा लावून पाहिली, मग काढून. "यात पाणी किती मावतं?"

"नोंदीत पाणी लिहिलंय का, साहेब?"

कारकुनाने नुकत्याच आलेल्या स्वतःच्या चहाच्या कपात काडी बुडवली, थेंब बादलीत सोडला, बादली उंच धरली आणि खालून पाहत राहिला. आजूबाजूला माणसं जमली. चहा गळला नाही. आबांनी कोणाकडेही न पाहता मान ताठ केली.

"मग मीही टबांना बशा म्हणतो," प्लॅस्टिकवाला म्हणाला. "साहेब, ही काय थट्टा आहे? हिच्यात मुंगी आंघोळ करेल."

"मुंगीची हरकत आली तर नोंदवू," कारकून म्हणाला. बहुधा आयुष्यातला पहिला विनोद असावा, कारण त्यालाच दचकायला झालं. "पत्र्याची आहे. कडी आहे, हलते. माल नोंदीतला. विक्री?"

"व्हायचीय."

"घंटा होईपर्यंत."

घंटेला फार वेळ नव्हता. नेमके तेव्हाच तपासनीस साहेब बाजार पाहायला आले. हे समितीच्या वरच्या समितीचे. ऊन मी म्हणत होतं, पण साहेबांच्या अंगावर जाड काळा कोट होता. कोट कार्यालयाने दिलेला, बटणं मोजून दिलेली, आणि कामावर असताना तो अंगावर असायलाच हवा. साहेबांच्या कानामागून घामाची धार लागली होती. ती पुसायची तर हात वर करावा लागे, आणि कोट काखेत घट्ट होता.

साहेब रुमालापाशी थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हे काय, लावायचं असतं?"

"हो, साहेब. पण आधी..."

"कसं लावतात?"

सुनेच्या तोंडात "साहेब, जरा थांबा, ही निघत नाही" एवढं तयार होतं. त्यातलं "साहेब, जरा" बाहेर आलं. तोवर आबा उठले होते. गिऱ्हाईकाने कसं लावतात विचारलं आणि आबा बसून राहिले असं तीन पिढ्यांत झालं नव्हतं. डाव्या हाताने कोटाची कॉलर धरली, उजव्या हातात सांडशी. कट्ट.

प्लॅस्टिकवाल्याकडे आरसे असायचे. साहेबांनी एकात पाहिलं. डावीकडून, उजवीकडून. कडी हलवली. "छान आहे. फारच छान." आरसा परत दिला. "बरं, काढा."

"नाही निघत," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"आमच्या घरचं काहीच निघत नाही." हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की साहेब क्षणभर अभिनंदन करणार होते.

मग प्रयत्न झाले. साहेबांच्या शिपायाने ओढून पाहिलं. मुलाने पक्कड लावली, आणि त्याच्या उंचीमुळे साहेबांच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. "कापडच कापू," प्लॅस्टिकवाला उत्साहाने कात्री घेऊन आला.

"कोटाला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "सरकारी मालमत्ता आहे. कॉलर फाटली तर तीन प्रतींत खुलासा द्यावा लागतो."

सुनेला वाटलं, संपलं. जागा तर गेलीच, वर तुरुंगही. आबांना तुरुंगात सातही दिवस ठेवतील, असा एक विचार मनात आला, आणि तिने तो लगेच हाकलला. अगदी लगेच नाही, पण हाकलला.

कारकून मात्र वहीची मागची पानं चाळत होता. "नियम अकरा," त्याने वाचलं. "गिऱ्हाईकाने हाताळलेला माल जसाच्या तसा परत ठेवता येत नसेल, तर तो विकला गेला असे समजण्यात यावे."

"कोणी केला हा मूर्ख नियम?" साहेब म्हणाले.

"खाली आपली सही आहे, साहेब. कापून पाहिलेलं कलिंगड परत केलं होतं, त्या कलिंगडवाल्याच्या वेळचा."

साहेबांनी सही पाहिली. बराच वेळ पाहिली. सही चांगली आली होती. मग त्यांनी खिशातून नाणं काढून रुमालावर ठेवलं आणि कारकुनाने लिहिलं: बादली, पत्र्याची, कडीसह, नग एक. शाई वाळायच्या आत घंटा झाली. सुनेचा जीव भांड्यात पडला. भांडं लहान होतं, पण गळत नव्हतं.

साहेब गेल्यावर सुईणकाकू आल्या. हातात नाणी मुठीत गरम झालेली. "साहेबांनी दिले, मग मी काय फुकटी आहे?" त्यांनी तीन बादल्या घेतल्या. सुनेने गुपचूप सोबत एक शेळी सरकवली, आधीपेक्षाही शहाण्या तोंडाची.

"हिचे किती?"

"हिचे नाही, काकू. बादल्या धंद्याच्या. शेळी तुमची."

काकूंनी शाल पुढे केली. आबांनी शेळी लावून दिली. शालीच्या दोन्ही घड्यांतून आणि खालच्या अंगरख्यातून, एकाच दाबात. काकू तशाच एका कुशीवर झुकून घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत रुमाल रिकामा झाला.

पुढच्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून चाळीस बादल्यांची मागणी आली. साहेबांच्या कॉलरवर बादली पाहून बाकीच्यांना वाटलं, बढती मिळाली. आता बढती मागे पडू नये म्हणून सगळ्यांनाच ती हवी होती. दरम्यान तक्रारीही यायला लागल्या. मास्तरांचा शर्ट धोबी घेईना. एका पोरीने बादली आईच्या आणि स्वतःच्या बाहीला मिळून लावून घेतली होती, त्या दोघी दारातून आडव्या आत आल्या. आबा प्रत्येकाला एकच विचारायचे.

"निघाली का?"

"नाही ना, आबा."

"मग तक्रार कसली?"

मागणी, तक्रारी आणि नियम अकरा यांनी आबांची छाती फुगली. त्यांनी ठरवलं की समितीला अर्ज करायचा. लिहायला सून बसली, कारण अक्षर तिचं चांगलं होतं. आबा अंगणात येरझारा घालत सांगत होते. सहीच्या जागी अंगठा आबांचा, तो चमच्यासारखा उमटला, आणि नवऱ्याने अर्ज समितीत नेऊन दिला. तिसरं कलम आबांनी सांगितलेलं नव्हतं. ते तिने त्यांचा उजवा कान शेजारच्या घरात गुंतलेला असताना घातलं.

"प्रति, बाजार समिती. विषय: विकलेल्या मालाची देखभाल, व इतर.

एक. तपासनीस साहेबांच्या कोटावरील बादली ही आमच्या घरची असून तिच्या कानाची दर सहा महिन्यांनी पाहणी करणे अर्जदारास आवश्यक वाटते. तरी सदर कोट, शक्यतो साहेबांसह, आमच्या जागेवर पाठवण्यात यावा.

दोन. पाहणी होईपर्यंत साहेबांनी डावा हात खांद्याच्या वर उचलू नये, अशी लेखी सूचना त्यांना वरून देण्यात यावी.

तीन. बाजार आठवड्यातून एकदाच भरत असल्याने अर्जदार उरलेले सहा दिवस घरी असतात. घरच्यांची याबाबत तक्रार नाही, परंतु त्यांनाही मर्यादा आहेत. तरी समितीने सर्व बाजूंनी विचार करून बाजार आठवड्यातून सात दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, भरवण्यात यावा, आणि पावसामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणामुळे तो कधीही बंद ठेवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."